टाके घातल्यावर किती उरतं?

मंडळी, दाताच्या इम्प्लांटशेजारी हाड कमी असेल तर तिथे हाडाचे दाणे भरतात. या विषयावरची बहुतेक सादरीकरणं एकाच चर्चेत रमतात: दाणे गाईच्या हाडाचे की माणसाच्या, आणि कोणत्या कंपनीचे? आमचा आक्षेप इथेच आहे. भरलेले दाणे जागेवर राहिले का, हे कुणी फारसं विचारतच नाही.

अशा सादरीकरणातला नेहमीचा फोटो आठवून बघा. दाण्यांचा छान उंचवटा, त्यावर कोलॅजेनचा पडदा. हा फोटो टाके घालण्याआधीचा असतो! त्यानंतर हिरडी ओढून जागेवर आणतात, टाके आवळतात आणि सगळा दाब त्या उंचवट्यावर येतो. दाणे खाली सरकतात, बाजूला पसरतात. जाडी घटते ती नेमकी इम्प्लांटच्या वरच्या कडेशी, म्हणजे जिथे ती सर्वांत जास्त हवी तिथेच.

हा काही आमचा नुसता अंदाज नाही. झुरिक विद्यापीठातल्या संशोधकांच्या 2016 सालच्या अभ्यासात डुकराच्या जबड्यांचे टाक्यांआधी आणि टाक्यांनंतर स्कॅन काढले होते. नुसते दाणे आणि पडदा असताना त्या कडेशी 40 टक्क्यांहून अधिक जाडी गेली. पडदा पिनांनी हाडाला पक्का केल्यावर हीच घट जवळपास निम्म्यावर आली. आणि हा निर्जीव जबडा होता बरं का! जिवंत तोंडात जीभ, ओठ, सूज आणि वरून टेकणारी तात्पुरती कवळी यांची भर पडते.

हालचाल इतकी का नडते? आधी दाण्यांमध्ये रक्ताची गुठळी धरते, तिच्यात नव्या रक्तवाहिन्या शिरतात, मग हाड तयार होतं. ही घडी सतत हलत राहिली तर हाडाऐवजी तंतुमय ऊती तयार होण्याचा धोका असतो. वांग आणि बोयापती यांनी 2006 साली मांडलेल्या चार तत्त्वांमध्ये स्थैर्य आहे, ते उगाच नाही.

म्हणून सगळीकडे पिना ठोका, असं आम्ही म्हणत नाही. दात काढल्यावर चारही भिंती शाबूत असतील तर तो खड्डाच दाण्यांना धरून ठेवतो. पिन शेजारच्या दाताच्या मुळाला लागू शकते. टायटॅनियमची असेल तर बऱ्याचदा नंतर काढावीही लागते. रुग्णाच्या रक्तातल्या फायब्रिनने दाणे एकमेकांना चिकटतात, हाताळायला सोपे होतात. पण चिकटलेला गोळा टाक्यांचा दाब सोसेलच, असं गृहीत धरू नका.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी असा फोटो दाखवला, तर टाक्यांनंतरचा स्कॅन मागा. आणि तात्पुरती कवळी त्या जागेवर टेकत होती का, हेही विचारा. दाणे सरकले तर दुसरी शस्त्रक्रिया आणि दुसरा खर्च रुग्णाच्याच वाट्याला येतो.