उसना कोट, आपले माप

कर्जतच्या एका भंगारवाल्याकडे आम्हांस ‘अलबेला’ (१९५१) या चित्रपटातील गाण्यांची एक जुनी तबकडी मिळाली. आणि त्याच आठवड्यात खोपोलीच्या बाजारात, जुन्या कपड्यांच्या ढिगातून, एक लोकरी कोट. दोहोंची मिळून किंमत एका नव्या सदऱ्याएवढीही नव्हती. कोटाच्या आत दोन शिलाया दिसतात : एक मूळ शिंप्याची, दुसरी, नंतर कोणीतरी खांदे आत घेऊन घातलेली. तबकडी ऐकताना ही दुसरी शिलाई आमच्या मनातून जाईना.

आपल्या गोवेकर वादकांचे जॅझ म्हणजे परक्यांचे उतरलेले कपडे, असा आक्षेप घेतला जातो. कापड परके होते, हे खरेच. १९३५ साली लिऑन ॲबी या कृष्णवर्णीय अमेरिकन व्हायोलिनवादकाचा वाद्यवृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला आणि या संगीताची शहराला गोडी लागली. पण ‘अलबेला’तील शिवण कोणाची? संगीतकार सी. रामचंद्र पुणतांब्याचे, नायक व दिग्दर्शक भगवान पालव गिरणी कामगाराचे पुत्र, आणि रामचंद्रांचे सहायक चिक चॉकलेट, म्हणजे हळदोण्याचे ट्रम्पेटवादक आंतोनियो शाविएर वाझ. झालरदार पोशाखातील हा वादक आपल्या साथीदारांसह पडद्यावरही दिसतो.

तीन-सव्वातीन मिनिटांच्या या गाण्यांत ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन गायकाशी स्पर्धा करीत नाहीत. ओळ संपते तेथे ते उत्तर देतात. ठेका परका, पण भगवानदादांची पावले अशी साधी की लग्नाच्या मांडवात कोणासही जमावीत. सगळीच शिवण अंगाला बसली आहे, असे नव्हे. काही मधल्या जागा आमच्या कानांना नुसता दिमाख वाटतात. मात्र त्याच चित्रपटातील अंगाईगीतात हा सारा थाट बाजूला ठेवला आहे. कोट केव्हा उतरवावा हे ज्यास कळते, तो नकलाकार नव्हे.

आमची खंत वेगळी आहे. तबकडीच्या कागदावर लता आणि चितळकर ही गायकांची नावे आहेत. वादकांचे एकही नाही. गोव्यातील धर्मग्रामांच्या शाळांत मुले स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकत. उपासनेच्या गायनासाठी दिलेले ते शिक्षण घेऊन कितीतरी जण मुंबईच्या स्टुडिओंत गेले. संगीतकाराच्या चालीवरून प्रत्येक वाद्याचा भाग कागदावर लिहून देण्याचे काम पुष्कळदा त्यांच्याकडे असे. बोरघाट चढण्यासाठी कर्जतला गाडीस मागून इंजिने जोडतात, हे आपण नेहमी पाहतो. प्रवाशांना पाटी दिसते ती पुढच्या डब्यांची. जोर लागतो तो मागून. या वादकांचे तसेच झाले.

नरेश फर्नांडिस यांच्या ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ (२०१२) या इंग्रजी ग्रंथाने मुंबईच्या या जॅझयुगाचा इतिहास साक्षेपाने मांडला. पुस्तकासोबत जुन्या ध्वनिमुद्रणांची तबकडीही दिली, हे त्यांचे मोठेच औचित्य. कारण ऐकल्याशिवाय केलेली स्तुती ही केवळ गतकाळाची हळहळ ठरते. मराठी समीक्षेने मात्र चित्रपटगीताचे शब्द, चाल आणि गळा यांचेच मोल अधिक केले. वाद्यमेळ रचणारा बहुधा दाराबाहेरच राहिला.

जुने ते सारे सोने, असे आम्ही म्हणणार नाही. परंतु घर आवरताना कपडे बोहारणीस आणि तबकड्या भंगारवाल्यास देण्यापूर्वी वडीलधाऱ्यांना एकवार विचारावे : हे कोणी वाजविले? हा कोट घालून कोण, कोठे वाजवायला जाई? उत्तर मिळाले तर ते तबकडीच्या पाकिटावर लिहून ठेवावे. कागदावर जे नाव छापायचे राहून गेले, ते निदान आपल्या घरातील पेनाने लिहिले जावे.

आमचा कोट आम्ही शिंप्याकडे दिला आहे. बाह्या थोड्या लांब होतात.