काळ्या ठिपक्याभोवतीचे खळे

पन्नास मीटर रायफलचे लक्ष्य हाताच्या अंतरावरून पाहिले, तर त्याच्या मध्यभागी ११२.४ मिलिमीटर व्यासाचे काळेभोर वर्तुळ दिसते आणि त्या वर्तुळाच्या गाभ्यात असतो अवघ्या १०.४ मिलिमीटरचा दहाचा गोल. आता आपण पन्नास मीटर मागे येऊ आणि रायफलच्या मागच्या साइटच्या इवल्याशा छिद्राला डोळा लावू. दहाचा गोल कुठल्या कुठे विरून जातो. उरतो तो एक सलग काळा ठिपका. द्रोणाचार्यांच्या परीक्षेत अर्जुनाला पक्ष्याचा डोळा तरी दिसत होता. इथे ज्याचा वेध घ्यायचा ते दिसतच नाही, आणि इलेक्ट्रॉनिक लक्ष्यावर तर ते छापलेलेही नसते. म्हणून जे दिसते तेच किती निवडून, किती निगुतीने मांडावे लागते! नेमबाज ज्याला ‘साइट पिक्चर’ म्हणतात, त्या चित्राचे सारे लावण्य या मांडणीत आहे.

चित्र तसे साधे. मागच्या छिद्राचा धूसर गोल, त्यात पुढच्या साइटची नळी, नळीत एक बारीक कडी आणि कडीच्या मधोमध तो काळा ठिपका. वर्तुळात वर्तुळ, सगळ्यांचा केंद्रबिंदू एक. पण आपली नजर थोडा वेळ कडी आणि ठिपका यांच्यामध्ये राहू द्या. तिथे चंद्राभोवती पडावे तसे एक शुभ्र खळे आहे. नेमबाज खरे तर ठिपक्याकडे पाहत नाही, एकट्या कडीकडेही पाहत नाही. तो पाहतो ते हे खळे सगळीकडून सारख्या रुंदीचे आहे की नाही एवढेच. मानवी डोळ्याला अंतर मोजता येत नाही, पण एका बाजूला केसभर पांढरे जास्त झाले तर त्याला ते तत्काळ खुपते. डोळ्याच्या या उपजत न्यायबुद्धीवर सगळा नेम उभा आहे, ही कल्पनाच मला विलक्षण मोहक वाटते.

एनसीसीत रायफल हाताळलेल्यांना दुसरा नेम ठाऊक असतो. बंदुकीच्या नळीच्या टोकावरची माशी ठिपक्याच्या खालच्या कडेला टेकवायची, घड्याळात सहा वाजतात त्या जागी. आणि साइट अशी बसवलेली असते की गोळी त्या जागेच्या वर, मधोमध लागते. पिस्तुलवाले तर बहुधा ठिपक्याच्याही खाली, मोकळ्या पांढऱ्यात नेम धरतात. सहाच्या नेमाचा डौल निराळा आहे, पण तो उजेडाच्या स्वाधीन असतो. ऊन चढले की पांढरा रंग काळ्याच्या कडा खाऊ लागतो, ठिपका लहान भासतो, त्याची खालची कड वर सरकते आणि तिला टेकलेली माशीही नकळत वर जाते. कडीच्या चित्रात तोच ठिपका लहान झाला तरी चहूबाजूंनी सारखाच होतो. खळे रुंदावते, केंद्र मात्र जागचे हलत नाही. प्रकाशाच्या लहरीपणाला एका वर्तुळाने दिलेले हे उत्तर इतके निर्मळ आहे की त्याला दाद द्यावीशी वाटते.

आमच्या वैरागच्या शिवारात चैत्र-वैशाखाच्या दुपारी ज्यांनी काढणी झालेल्या रानापलीकडे नजर टाकली आहे, त्यांना तापलेल्या हवेची थरथर सांगायला नको. उघड्या रेंजवर तीच थरथर ठिपक्यापुढे वाहते, आणि झुळूक ज्या दिशेला वाहते त्या दिशेला ठिपका किंचित सरकलेला दिसतो. म्हणजे डोळ्यापुढचे चित्र निर्दोष, आणि तरीही गोळी बाजूला. जाणता नेमबाज अशा वेळी खळ्याबरोबर ती थरथरही वाचत असतो.

आता सगळ्यांत रसाळ भाग: कडी किती मोठी निवडायची? साडेतीन-चार मिलिमीटरच्या आसपास दशांशाच्या फरकाने कड्या मिळतात, आणि नवख्याचा हात सहज घट्ट बसणाऱ्या कडीकडे जातो, कारण तिच्यात अचूकतेचा भास असतो. पण खळे फार बारीक झाले, की शरीराची प्रत्येक सूक्ष्म हालचाल ते पुसून टाकते. नेमबाज ठिपक्याचा पाठलाग करू लागतो, श्वास लांबतो, बोट ट्रिगरवर अडखळते. थोडी ऐसपैस कडी त्या हालचालीला जागा देते. ठिपका आत मंदपणे झुलत राहतो आणि नजर त्याला मध्यावर स्वीकारते. म्हणूनच झोपून नेम धरताना चालणारी कडी उभ्याने पुष्कळांना अपुरी पडते. माझा कौल नि:संशय ऐसपैस कडीच्या बाजूने आहे.

या झुलण्यापेक्षा घातक असतो तो कडी आणि मागचे छिद्र यांच्यातला बेबनाव. दोन्ही साइट्समध्ये मीटरभर अंतर धरले, तर कडी छिद्राच्या मध्यापासून मिलिमीटरचा दहावा हिस्सा ढळताच पन्नास मीटरवर पाच मिलिमीटर चूक होते. जवळजवळ अर्धा दहा हातचा गेला! २०१० साली म्यूनिकमध्ये कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी पन्नास मीटर प्रोनमध्ये, म्हणजे झोपून नेम धरण्याच्या प्रकारात, ६०० पैकी ५९७ गुण मिळवून विश्वविजेतेपद पटकावले, तेव्हा साठ गोळ्यांत ही सारी वर्तुळे किती वेळा एकमेकांत अशी निवांत बसली असतील, याची आपण नुसती कल्पना करावी.

आणि १ ऑगस्ट २०२४. पॅरिस ऑलिंपिकमध्ये शातोरूच्या रेंजवर राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे अंतिम फेरीत गुडघ्यावर, मग झोपून आणि शेवटी उभ्याने नेम धरतो. उभा पवित्रा सर्वांत डळमळीत, आणि तो मागून पुढे आला तो याच पवित्र्यात. ४५१.४ गुण, कांस्यपदक. पन्नास मीटर थ्री पोझिशन या प्रकारात भारताचे पहिले ऑलिंपिक पदक. ते चित्रण पुन्हा पाहताना गुणफलक बाजूला ठेवून नेमबाज गोळी न झाडताच रायफल खाली आणतो ते क्षण पाहावेत. गाल टेकला, क्षण गेले, चित्र जुळले नाही, आणि बंदूक शांतपणे खाली आली, असे नेमबाजाच्या बाबतीत कितीदा तरी घडते. कारण फार वेळ रोखून पाहिले की डोळा शिळा होतो. मघाचे सुबक चित्र तो मनात धरून ठेवतो आणि प्रत्यक्षात ते बिघडले तरी तेच दाखवत राहतो. न झाडलेल्या गोळीतही कसब असते ते हे.

गोळी सुटल्यावरही नजर खळ्यावरून हलत नाही. घोडा पडला त्या निमिषाला पांढरे कोणत्या बाजूला जास्त होते, तेवढे टिपून नेमबाज मॉनिटर बघण्याआधीच स्वतःशी सांगतो: उजवीकडे, जराशी वर, नऊ पूर्णांक आठ. मग मान वळते, आणि पडद्यावरचा ठिपका त्याने सांगितलेल्या जागीच असतो. मला या खेळातला परमानंद दहाच्या गोळीपेक्षा इथे, अचूक ओळखलेल्या या नऊ पूर्णांक आठमध्ये अधिक दिसतो.