पदवीपाशी थांबलेली कथा

मराठीत डॉक्टरांच्या जीवनावरील ऐतिहासिक कादंबरी म्हटली की पहिले नाव निघते ते श्री. ज. जोशी यांच्या ‘आनंदी गोपाळ’चे. १९६८ साली ती प्रसिद्ध झाली. पुढे तिच्यावरून नाटक झाले आणि २०१९ मध्ये त्याच नावाचा चित्रपटही आला. एवढ्या वाचकप्रिय कादंबरीला एक प्रश्न मात्र विचारायला हवा: या कथेत डॉक्टर किती आहे?

आनंदीबाईंना पेनसिल्व्हेनियातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी ११ मार्च १८८६ रोजी मिळाली. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांना बाविसावे वर्ष पुरे व्हायचे होते. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात नेमणूक होऊनही त्या रुजू होऊ शकल्या नाहीत. रुग्णसेवेचे प्रसंग कादंबरीकाराच्या हाती नव्हतेच, आणि याचा दोष त्याला देता येत नाही.

पण डॉक्टर होणाऱ्या मनाचा माग हाती होता. चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांत गेले. पुढे त्याच मुलीने प्रबंधासाठी विषय घेतला तो प्राचीन हिंदूंच्या प्रसूतिशास्त्राचा. या दोन टोकांच्या मध्ये एक वैद्य घडत होता. कादंबरी मिटल्यावर मात्र मनात ठाण मांडून बसतो तो गोपाळराव: त्याचा हट्ट, त्याचा विक्षिप्तपणा, त्याचा मार. हा मार कल्पनेतला नव्हे. अमेरिकेतून नवऱ्याला लिहिलेल्या पत्रात आनंदीबाईंनीच लहानपणी खाल्लेल्या माराची आठवण करून दिली आहे. गोपाळरावाला देवत्व न देता माणूस म्हणून उभे करणे हे जोशींचे मोठे यश. मात्र त्या यशाची किंमत आनंदीबाईंमधल्या डॉक्टरने मोजली.

हीच गोष्ट आपल्या शेजारच्या सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची. १९३८ साली ते वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, तिथेच वारले. १९४६ मध्ये व्ही. शांताराम यांच्या चित्रपटाने त्यांना ‘अमर’ केले. अमर कहाणीच्या पुढचे आयुष्य त्यांच्या पत्नी क्वो छिंगलान यांना जगावे लागले. मुलगा यिनह्वा वैद्यकीचेच शिक्षण घेत असताना १९६७ मध्ये गेला. क्वो छिंगलान २०१२ पर्यंत हयात होत्या. डॉक्टरच्या कुटुंबाची खरी कादंबरी चित्रपट संपल्यावर सुरू होते, ती अशी.

आता दुसरे उदाहरण पाहा. डॉ. रखमाबाई आनंदीबाईंहून काही महिन्यांनी मोठ्या. त्यांचे सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन हे वैद्य आणि वनस्पतिशास्त्रज्ञ, म्हणजे घरच डॉक्टरचे. लंडनमध्ये शिकून आल्यावर त्यांनी सुरत आणि राजकोट येथे तीन दशकांहून अधिक काळ स्त्रियांवर उपचार केले. १९५५ साली त्या वारल्या. मोहिनी वर्दे यांनी त्यांचे चरित्र लिहिले. तरी सामान्य वाचकाला रखमाबाई ठाऊक असतात त्या दादाजी भिकाजीने १८८४ मध्ये घातलेल्या खटल्यामुळे. ज्यांनी एवढी वर्षे रोगी तपासले, त्यांच्या आयुष्यातला आपल्याला ठाऊक असलेला भाग दवाखान्याबाहेरचा आहे.

यावर कोणी म्हणेल, रोजच्या रोगी तपासण्यात कथा ती काय? डॉ. प्रकाश आमटे यांचे ‘प्रकाशवाटा’ वाचणारा असे म्हणणार नाही. हेमलकशातील रोजच्या कामाची हकिकत मराठी वाचकाने आवडीने वाचली. पण ते आत्मकथन आहे. ऐतिहासिक कादंबरी अजून डॉक्टरच्या त्यागावर आणि अकाली मरणावर भाळलेली दिसते.

तेरखेड्यासारख्या गावातून पाहिले की हा प्रश्न नुसत्या वाङ्मयाचा राहत नाही. इथल्या फटाक्यांच्या दारूकामावर अनेकांची चूल पेटते आणि भाजण्याची धास्तीही कायमची असते. भाजलेल्या माणसाला हौतात्म्य उपयोगी पडत नाही. रोज जखम धुऊन पट्टी बदलणारा हात लागतो, आणि तो उद्याही गावात असावा लागतो. खेड्यात दवाखाना पुढच्या खोलीत आणि संसार मागच्या खोलीत असतो. रात्री कडी वाजली की आधी जाग येते ती डॉक्टरच्या बायकोला. उधारीची वही तिलाही पाठ असते. ही माणसे कादंबरीत क्वचितच दिसतात.

सामग्री मात्र भरपूर आहे. हा जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्या काळी हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात वैद्यकही उर्दूतून शिकवत. रोगाची नावे उर्दूत शिकलेला आणि दुखणे मराठीत ऐकणारा एक डॉक्टर, त्याचे घर आणि आजूबाजूला बदलत चाललेले राज्य, एवढ्यावर एक मोठी कादंबरी उभी राहू शकते. ‘आनंदी गोपाळ’ने डॉक्टर होण्याची कथा सांगितली. डॉक्टर म्हणून चाळीस वर्षे एका गावात टिकण्याची कथा लिहिणे, हे मराठी कादंबरीचे पुढचे काम आहे.