कक्षा दिसते, ठिपका दिसत नाही

संगणकावरच्या खेळांना शाळेच्या दारातच अडवावे असे मानणाऱ्यांपैकी मी नाही. ‘कर्बल स्पेस प्रोग्राम’ हा खेळ तर वर्गात आणावा अशा योग्यतेचा आहे. मेक्सिकोतील स्क्वाड या कंपनीने तो २०११ मध्ये प्रथम बाहेर आणला. २०१५ मध्ये त्याची पूर्ण आवृत्ती आली. कर्बिन नावाच्या काल्पनिक ग्रहावरून अग्निबाण सोडायचा, यान कक्षेत न्यायचे, जमल्यास तेथल्या चंद्रावर उतरवायचे, एवढाच त्याचा विषय. एका वेळी एकाच गोलाचे आकर्षण धरण्याची सवलत सोडली, तर न्यूटनचे नियम त्यात प्रामाणिकपणे पाळलेले आहेत. पुढचे यान गाठण्यासाठी वेग वाढवला की आपली कक्षा मोठी होते आणि आपण उलट मागे पडतो, ही फळ्यावर कितीही समजावली तरी न पटणारी गोष्ट मुलांना तेथे तासाभरात पटते.

इतक्या चांगल्या खेळातील रात्रीचे आकाश मात्र निर्जीव आहे. कर्बिनभोवती आपण दहा याने फिरत ठेवली तरी रात्री जमिनीवरून वर पाहिल्यास त्यांतले एकही दिसत नाही. कक्षेत असतानाही दुसरे यान सुमारे अडीच किलोमीटरच्या आत येईपर्यंत चितारले जात नाही. तोवर त्या दिशेला एक खूण आणि अंतराचा आकडा, एवढेच. तारे म्हणजे मागे रंगवलेले चित्र. आता अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याच्या किंवा हरिश्चंद्रगडाच्या परिसरात, स्वच्छ आकाशाखाली सूर्यास्तानंतर तासभर बसून पाहा. ताऱ्यांमधून न लुकलुकता सरकणारे ठिपके मुले भराभर मोजू लागतात. खऱ्या आकाशात जे नुसत्या डोळ्यांना दिसते, ते अवकाशविज्ञान शिकवणाऱ्या खेळात दिसू नये, हे विचित्रच आहे.

याचे कारण आळस नव्हे. शंभर किलोमीटरवरचे दहा मीटर लांबीचे यान आपल्या डोळ्याशी सुमारे २० सेकंदांचा कोन करते. (सेकंद म्हणजे येथे अंशाचा ३६०० वा भाग.) १९२० पिक्सेल रुंदीच्या पडद्यावर ९० अंशांचे दृश्य मावत असेल, तर एका पिक्सेलच्या वाट्याला जवळजवळ १७० सेकंद येतात. म्हणजे यान पिक्सेलच्या रुंदीच्या आठव्या हिश्श्याएवढे. संगणकाने त्याचा आकार अचूक काढला तरी पडद्यावर काहीच उमटणार नाही. मग उगाच गणिते कशाला करायची, असा विचार खेळ रचणाऱ्यांनी केला असल्यास तो व्यवहाराला धरूनच आहे.

पण विज्ञानाच्या शिक्षकाने नेमके येथेच थांबून प्रश्न विचारायला हवा. व्याध या ताऱ्याचा कोनीय व्यास एका सेकंदाचा शंभरावा भागही नाही. मग तो आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा कसा? आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक १०९ मीटर लांब आहे. सुमारे ४२० किलोमीटर उंचीवर ते डोक्यावर असताना त्याचा कोन एका मिनिटाहून कमीच भरतो, आणि नुसत्या डोळ्याला त्याहून बारीक आकार कळत नाही. तरीही ते कधीकधी शुक्राशी स्पर्धा करते. आकार कळणे ही एक गोष्ट, प्रकाश पोचणे ही दुसरी. ज्याचा आकार पिक्सेलहून लहान, त्याचे चित्र काढायचे नसते. त्याच्याकडून किती प्रकाश येईल याचा हिशेब करून तेवढा एक पिक्सेल उजळायचा असतो. त्यासाठी पृष्ठभाग, अंतर, परावर्तन आणि सूर्याची दिशा एवढ्यावर भागते.

खेळाच्या चाहत्यांनी हे ओळखले. ‘डिस्टंट ऑब्जेक्ट एन्हान्समेंट’ नावाची त्यांची एक जोडणी मूळ खेळात बसवता येते. तिच्यामुळे दूरचे ग्रह आणि कक्षेतील याने प्रकाशाच्या ठिपक्यांनी दिसू लागतात. सूर्य किंवा एखादा उजळ ग्रह दृश्यात आला की तारे मंद करण्याची सोयही तिच्यात आहे. मला ही दुसरी सोय पहिलीइतकीच मोलाची वाटते, कारण चंद्रावर काढलेल्या छायाचित्रांत तारे का नाहीत, या दरवर्षी येणाऱ्या प्रश्नाचे उत्तर तिच्यात आयते सापडते. ठिपक्यावर बाण नेला की त्याचे नाव उमटते, ते मात्र वर्गात तरी बंद ठेवावे. ठिपका कोणाचा हे ओळखण्यातच खरी मेहनत आहे.

ही मेहनत अंतराळवीरांनीही केली आहे. डिसेंबर १९६५ मध्ये जेमिनी-६ए यानातून वॉल्टर शिरा जेमिनी-७ चा पाठलाग करत होते. त्यांना एक तेजस्वी तारा दिसला, तो व्याध असावा असे त्यांना वाटले. ते जेमिनी-७ होते. बझ ऑल्ड्रिन यांनी १९६३ मध्ये एमआयटीत डॉक्टरेट मिळवली ती दृष्टिरेषेच्या आधारे कक्षेत दुसऱ्या यानाला गाठण्याच्या पद्धतींवर. नोव्हेंबर १९६६ मध्ये जेमिनी-१२ चे रडार बिघडल्यावर सेक्स्टंट आणि तक्ते घेऊन त्यांनी लक्ष्ययानाची भेट साधून दिली. आपल्या स्पेडेक्स मोहिमेतील दोन उपग्रह १६ जानेवारी २०२५ रोजी जोडले गेले, तेव्हा हे काम स्वयंचलित संवेदकांनी आणि लेसर अंतरमापकाने केले. साधने बदलली, तरी आधी समोरचे दिसावे लागते, मग त्याची कक्षा कळते.

माझा मूळ आक्षेप हाच आहे. खेळात नकाशा उघडला की लंबवर्तुळाकार कक्षा रेषेने आखून तयार मिळते. केप्लरला मंगळाची कक्षा अशी कोणी आखून दिली नव्हती. टायको ब्राहेच्या निरीक्षणांतील मंगळाच्या स्थानांवरून त्याने वर्षानुवर्षे आकडेमोड केली, तेव्हा लंबवर्तुळ हाती आले. केवळ खेळावर वाढलेल्या मुलाला वाटेल की कक्षा ही दिसणारी वस्तू आहे. जोडणीने ठिपका परत आणला, म्हणून ती नुसती शोभेची म्हणता येत नाही.

तरी अशा कोणत्याही जोडणीची किंवा खेळाची माझ्या लेखी एक कसोटी आहे: ठिपका विझतो का? भंडारदऱ्याचे काजवे स्वतः प्रकाशतात, उपग्रह नाही. तो ग्रहाच्या छायेत शिरला की दिसेनासा झालाच पाहिजे. डोक्यावरच्या उपग्रहासाठी हिशेब सोपा आहे: ग्रहाची त्रिज्या भागिले कक्षेची त्रिज्या, हे सूर्य क्षितिजाखाली जितके अंश गेल्यावर उपग्रह विझेल त्या कोनाचे कोसाइन. अवकाश स्थानकासाठी हा कोन सुमारे २० अंश येतो. विषुवदिनाच्या सुमारास अहिल्यानगरच्या अक्षांशावर सूर्याला तेवढे खाली जायला सुमारे ८५ मिनिटे लागतात. कर्बिनची त्रिज्या अवघी ६०० किलोमीटर आणि दिवस सहा तासांचा; तेथे १०० किलोमीटर उंचीवरचे यान सूर्यास्तानंतर ३१ मिनिटांनी विझले पाहिजे. मध्यरात्रीही ते डोक्यावर चमकत राहिले, तर त्या ठिपक्याला दिवा म्हणावे. स्टेलारियम हा मोफत मिळणारा तारांगण कार्यक्रम उपग्रहांची छाया हिशेबात घेतो. फक्त कक्षांची माहिती ताजी ठेवावी लागते.

स्वतःच्या तेजाने दिसणारा प्रकार एकच, कोसळण्याचा. २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी महाराष्ट्राच्या आकाशातून जळत गेलेल्या तुकड्यांना अनेकांनी उल्का मानले. तो चीनच्या लाँग मार्च ३बी अग्निबाणाचा टप्पा असल्याचे पुढे स्पष्ट झाले. चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात धातूचे कडे सापडले. मूळ खेळात अशा घटनेला जागाच नाही. सोडून दिलेला टप्पा दर फेरीत हवेच्या वरच्या थरांतून जात असला, तरी खेळाडूचे लक्ष दुसरीकडे असेपर्यंत त्याची कक्षा तसूभर घटत नाही. आणि कक्षा फार खाली, साधारण २५ किलोमीटरपर्यंत उतरत असेल, तर तो गुपचूप यादीतून वगळला जातो. त्याला ना ज्वाळा, ना कोणाच्या शेतात पडलेले कडे.

वर्गात हे करून पाहायचे असेल तर स्टेलारियममधून अवकाश स्थानकाची संध्याकाळची फेरी शोधावी. कोणत्या ताऱ्याजवळ ते विझले आणि किती वाजता, एवढेच मुलांनी लिहून घ्यावे. सूर्यास्तापासूनच्या मिनिटांवरून कोन काढता येतो आणि कोनावरून कक्षेची उंची. ही रीत ते खमध्याजवळ विझले तरच लागू पडते. बऱ्याचदा ते पूर्वेकडे उतरताना विझते, आणि मग आकृती काढावी लागते, ती जरा किचकट आहे.