तीस दिवसांत शब्द, वाक्य कधी?

कामोठ्यातली नववीतली एक मुलगी आम्हांला म्हणाली, "मॅडम, ट्रेन लेट होती, म्हणून फर्स्ट पिरियड मिस झाला." आणि लगेच पुढे, "इंग्रजी काही मला येत नाही हो."

तिच्या पहिल्या वाक्यात सहा इंग्रजी शब्द आहेत. मानसरोवर स्थानकापासून घरापर्यंत चालत गेले, तरी स्टेशन, प्लॅटफॉर्म, सेक्टर, प्लॉट, सोसायटी, विंग, लिफ्ट, वॉचमन असे डझनभर शब्द वाटेत भेटतात. मग या मुलीला नेमके काय येत नाही? हा प्रश्न मनात ठेवून आम्ही 'रोजच्या वापरातले इंग्रजी शब्द' शिकवणाऱ्या काही स्वस्त पुस्तिका वाचल्या. जून महिन्यात वह्यांबरोबर विकत मिळतात त्या. त्यांत ओळीने इंग्रजी शब्द, देवनागरीत उच्चार आणि मराठी अर्थ असतो. शेवटी थोडी तयार वाक्ये.

आधी त्यांचे श्रेय मान्य करू. त्या स्वस्त आहेत, मराठीतून समजावतात, आणि ज्यांना शिकवणीचा खर्च परवडत नाही अशांच्या हाती काहीतरी देतात. मराठीच्या आधाराने इंग्रजी शिकण्याची वाट आपल्याकडे जुनीच आहे. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या. मात्र त्या पाठमालेत विद्यार्थ्याला वाक्ये करावी लागत, इकडून तिकडे आणि तिकडून इकडे. आजच्या पुस्तिकांनी शब्दांची यादी ठेवली आणि वाक्य गाळले. आमचा पहिला आक्षेप हाच.

त्या मुलीचेच वाक्य घ्या. "द ट्रेन वॉज लेट, सो आय मिस्ड द फर्स्ट पिरियड." यातले ट्रेन, लेट, मिस, फर्स्ट, पिरियड तिच्याकडे आहेत. नाहीत ते द, वॉज, सो, आय, आणि 'मिस'चे 'मिस्ड' करण्याची सवय. पुस्तिकेत मात्र टेबल, खुर्ची, फळे आणि भाज्याच पुन्हा येतात. कारल्याला इंग्रजीत काय म्हणतात हे मुलगी शिकते. ते किलोला कितीला, हे विचारता येत नाही.

कोणते शब्द आधी शिकवावेत, याचा शास्त्रीय विचार जुना आहे. मायकेल वेस्ट हे शिक्षणतज्ज्ञ विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ढाक्याला शिक्षक-प्रशिक्षणाचे काम करीत. बंगाली मुलांना इंग्रजी वाचता यावे म्हणून त्यांनी मोजक्या शब्दांची वाचनमाला तयार केली. पुढे १९५३ मध्ये त्यांची सुमारे दोन हजार शब्दांची यादी प्रसिद्ध झाली. शब्द किती वेळा येतो आणि कोणत्या अर्थाने येतो, हे तिच्यात नोंदलेले होते. साध्या इंग्रजी मजकुरातील साधारण ऐंशी टक्के जागा असे दोन हजार शब्दच व्यापतात. त्यांत सर्वांत वर असतात ते द, ऑफ, अँड, टू यांसारखे चिमुकले शब्द.

दुसरा आक्षेप मांडणीवर. सगळे रंग एका पानावर, सगळी फळे दुसऱ्या पानावर, हे दिसायला सोयीचे वाटते. पण थॉमस टिंकहॅम यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत एकाच गटातले नवे शब्द एकत्र शिकायला अधिक सायास पडल्याचे दिसले. सारखे शब्द एकमेकांत गुंततात. मुलगा 'लेफ्ट'ला 'राइट' म्हणतो तो बहुधा यामुळेच. दोन्ही त्याला एकाच तासाला शिकवलेले असतात.

तिसरा आक्षेप सर्वांत महत्त्वाचा. 'या शब्दाचा अर्थ हा' अशी जोडी लावली की काम झाले, असे या पुस्तिका धरून चालतात. आपले 'लागणे' हे क्रियापद पाहा. भूक लागते, वेळ लागतो, थंडी लागते, आग लागते. इंग्रजीत प्रत्येक ठिकाणी वेगळी रचना येते: आय ॲम हंग्री, इट टेक्स टाइम, आय फील कोल्ड. आपण गृहपाठही 'करतो' आणि चूकही 'करतो'. इंग्रजीत गृहपाठाला 'डू' आणि चुकीला 'मेक' लागते. 'आय डिड अ मिस्टेक' म्हणणारे मूल आळशी नसते. यादीने शिकवले तेच ते प्रामाणिकपणे वापरत असते.

उलट बाजूही आहे. मराठीत आलेल्या काही इंग्रजी शब्दांनी अर्थ बदलला आहे. आपल्या 'हॉटेला'त बहुधा फक्त खायला मिळते, 'बॅटरी' म्हणजे विजेरी, आणि 'लाईट गेली' म्हणजे वीज गेली. असे शब्द वर्गात मुद्दाम उलगडून दाखवले पाहिजेत. पुस्तिकांत त्यांचा उल्लेखही नाही.

महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी शिकवायला २००० साली सुरुवात झाली. दहावीपर्यंत दहा वर्षे मिळतात. एवढ्या वर्षांत पाठ न करता पक्के होणारे एक वाक्य प्रत्येक शाळेत आहे: "मे आय कम इन?" ते का टिकते? कारण त्याची रोज गरज पडते आणि ते अख्खे कानावर येते. एर्बिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवर केलेल्या प्रयोगांतून दाखवले होते, की पाठ केलेले बरेचसे पहिल्या दिवसातच निसटते. तेच अंतराअंतराने पुन्हा भेटले, की टिकते. उणीव एवढीच, की 'मे आय' तिथेच अडकून पडते. 'मे आय ओपन द विंडो', 'मे आय टेक युवर पेन' इथवर आपण ते नेत नाही.

शिक्षकांना आमची विनंती अशी. महिनाभर शब्दांची यादी बाजूला ठेवा. मुलांना घर ते शाळा या वाटेवरचे इंग्रजी शब्द टिपून आणायला सांगा. फळ्यावर ते लिहा आणि मोजा. मग रोज एकच रचना घ्या, ती या शब्दांवर फिरवा, आणि दोन दिवसांनी, आठवड्याने पुन्हा वापरा. 'द लिफ्ट इज नॉट वर्किंग' हे कामोठ्यातल्या मुलाला सहज सुचेल.

त्या मुलीला आम्ही तिच्याच वाक्यातले सहा शब्द मोजून दाखवले. ती थोडा वेळ बोटांवर मोजत राहिली आणि म्हणाली, "म्हणजे मधलंच येत नाही ना?" निदान बरोबर होते. त्या मधल्यावर उपचार करणारी पुस्तिका अजून आमच्या पाहण्यात आलेली नाही.