नासाग्राची तिवई : एका उपमेची चिकित्सा

शास्त्रीय विवेचनातील उपमा हा केवळ अलंकार नसतो. ती शस्त्र धरणाऱ्या हाताला दिशा दाखविते. म्हणून तिची पारख काव्यातील उपमेपेक्षा अधिक कठोरपणे व्हावयास हवी.

प्रमाणाबाहेर पुढे आलेले नासाग्र मागे कसे घ्यावे, या प्रश्नाच्या संदर्भात अमेरिकन शल्यविशारद जॅक अँडर्सन यांनी १९६९ च्या सुमारास तिवईची उपमा योजिली. नासाग्रास दोन कमानदार कूर्चांचा आधार असतो. प्रत्येकीचा एक फाटा नाकपुडीच्या बाहेरच्या अंगाने जातो, दुसरा मध्यभागी खाली उतरतो. मधले दोन फाटे परस्परांस लागून असल्याने त्यांचा एक पाय, व बाहेरचे दोन पाय, अशी ही तिवई होय. तिन्ही पाय सारखे आखूड केल्यास नासाग्र सरळ मागे येते. बाहेरचे दोनच केल्यास ते वर वळते. मधलाच केल्यास खाली झुकते. एवढा निश्चित निष्कर्ष देणारी उपमा सामान्य नव्हे.

तथापि तिच्या मर्यादाही ध्यानी घ्यावयास हव्यात. तिवईचे पाय मोकळे असतात. कूर्चेचे फाटे मात्र नाकाच्या पडद्याशी तंतूंनी बांधलेले असतात. त्यामुळे पडद्याच्या पुढील कडेशी आरपार छेद घेताच, एकही पाय न तासता, नासाग्र काहीसे खचते. उलट, पडद्याची कूर्चाच उंच वाढून नासाग्रास पुढे रेटीत असेल, तर दोष तिवईचा नसून तिच्या खालच्या भूमीचा असतो.

दुसरा प्रश्न याहूनही आधीचा आहे : नासाग्र खरोखरच पुढे आले आहे काय? नासाग्राची पुढची झेप नाकाच्या लांबीच्या ०.५५ ते ०.६० पट असावी, असे गुड यांचे प्रमाण सांगते. परंतु नाकाचे मूळ खाली असल्यास लांबीच कमी भरते आणि झेप न वाढताही गुणोत्तर वाढते. हनुवटी मागे असली तरी निर्दोष नाक मोठे भासते.

अशा वेळी तिवई तासणे म्हणजे नसलेल्या दोषावर उपाय करणे होय, आणि त्याची किंमत रूपापुरती राहत नाही. बाहेरचे फाटे फार दुबळे झाल्यास श्वास आत घेताना नाकपुडीची भिंत आत ओढली जाते. फाटा काढून टाकण्याऐवजी तो छेदून टोके एकमेकांवर सरकवून शिवण्याची पद्धत म्हणूनच अधिक विवेकी वाटते.

सारांश, ही उपमा परिणामाची दिशा अचूक सांगते, कारण मात्र सांगत नाही. कारणाचा निर्णय आधी व्हावा, तिवई मागाहून आठवावी.