एका नावाखाली तीन मनोरे

दक्षिण चीनमधल्या खायफिंग भागातले बहुमजली मनोरे २००७ साली जागतिक वारशाच्या यादीत गेले, 'दिआओलोउ' या नावाने. हा उच्चार मँडरिनचा. कँटोनीजमध्ये तोच शब्द 'तिऊलाउ', आणि खायफिंगच्या खेड्यांतली बोली त्याहूनही वेगळी. पण उच्चार हा छोटा मुद्दा. खरी अडचण अशी की या एका नावात तीन गोष्टी कोंबल्या आहेत.

अनेक घरांनी वर्गणी काढून दरोड्याच्या वेळी आसऱ्याला बांधला तो 'चुंगलाउ', म्हणजे सगळ्यांचा. परदेशी कमावलेल्या पैशातून एका कुटुंबाने राहायला बांधला तो 'कोईलाउ'. आणि गावाच्या वाटेवर राखणीसाठी उभा केलेला 'कांगलाउ'. 'कांग' म्हणजे रात्रीचा प्रहर. आपला 'पहारा'ही प्रहरावरूनच आलाय की! यादीतल्या वर्णनात हे तीन प्रकार दिलेत, हे मान्य. पण पाटीवर, पुस्तकात, लोकांच्या तोंडी राहतं ते नावच. मनोरा कोणी, कोणाच्या पैशाने आणि कोणासाठी बांधला, हे जुने शब्द सांगत होते. नवं नाव फक्त भिंती दाखवतं.

ग्वांगजौच्या जुन्या घरांचा 'थाँगलुंग' बघा. 'थाँग' म्हणजे सरकवणे. जाड गोल लाकडी दांड्यांची आडवी चौकट, बाजूला सरकणारी. तिच्या बाहेर बुटकं दार, रस्त्यावरच्यांची नजर अडवायला. आत जाड मुख्य दार. उन्हाळ्यात मुख्य दार उघडं टाकून थाँगलुंग तेवढा ओढायचा. वारा आत, चोर बाहेर. याला नुसतं 'सरकतं फाटक' म्हटलं की वारा गेलाच.

हाँगकाँगच्या तटबंद गावांना 'वाय' म्हणतात, म्हणजे वेढलेलं. काट हिंग वायची लोखंडी दारं ब्रिटिशांनी १८९९ मध्ये उचलून नेली, ती १९२५ मध्ये आयर्लंडहून परत आली. दारं गेल्याचं कळतं, म्हणून परत मागता येतात. शब्द गेलेला कळतही नाही.

आपणही काही कमी नाही. आपल्याच मंडळाच्या नोंदींत गढीला बिनदिक्कत 'किल्ला' लिहिलेलं आहे. एखाद्या घराण्याचं राहतं, राखणीचं ठिकाण आणि राजाचं ठाणं एकाच खात्यात! त्या नोंदी पुन्हा बघायला हव्यात, आणि दिंडी, अडसर, जंग्या हे शब्द ज्यांच्या तोंडी अजून आहेत त्यांना विचारूनच.